जुन्या हॅचबॅकची थरथर: एसी लावला की डॅशबोर्ड घर्रर्र, ८० ला स्टेअरिंग कापतंय (कोल्हापूर)

संध्यामठ:

नमस्कार मंडळी. धागा लांब होईल, पण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात म्हणून सगळंच लिहितो.

गाडी २००९ ची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गाडीत खोट नाहीये, वय झालंय, आणि या वयाच्या कुठल्याही छोट्या गाडीला हे होऊ शकतं. वडिलांनी घेतलेली गाडी. ते गेले त्याला चार वर्षं झाली. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर पासिंग करून ५ वर्षं वाढवून घेतलीत, त्यामुळे विकायचा विषय नाही.

त्रास असा. दसरा चौकात सिग्नलला उभा राहिलो आणि एसी लावला की अख्खा डॅशबोर्ड घर्रर्र करतो, आतल्या आरशात मागची गाडी दोन-दोन दिसते. एसी बंद केला की कमी होतं. जरा ॲक्सिलेटर देऊन १५०० आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे) नेलं की जातं, पण २२०० च्या आसपास खालून पत्र्याचा झिर्रर्र असा वेगळाच आवाज येतो. आणि हायवेला तावडे हॉटेलवरून कागलच्या बाजूला निघालो की ७५ पर्यंत ठीक, ८० ते ९० मध्ये स्टेअरिंग थरथरतं, सीटसुद्धा थरथरते, ९५ च्या वर परत कमी.

आतापर्यंत केलेलं: व्हील बॅलन्सिंग दोनदा, अलाइनमेंट एकदा, चारही प्लग नवीन, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी साफ. ४,६०० गेले आणि फरक काहीच नाही. परवा एका गॅरेजमध्ये सांगितलं इंजिन खोलावं लागेल, २८ हजार खर्च.

आईला मणक्याचा त्रास आहे आणि दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जायचं असतं. मागच्या पौर्णिमेला जयसिंगपूरच्या पुढं तिनं गाडी थांबवायला लावली, दहा मिनिटं रस्त्याकडेला उभी राहिली आणि मग म्हणाली चल. तेव्हापासून झोप नाही लागत नीट. कृपया माहीतगार लोकांनी सांगा कुठून सुरुवात करू.

पाना_दहाबारा:

दादा आधी एक करा, इंजिन उघडायला हो म्हणू नका. मी २२ वर्षं गॅरेजमध्ये हाय, तुम्ही जे लिहिलंय त्यात इंजिन खोलायचं एकपण लक्षण मला दिसत न्हाई. धूर न्हाई, ऑइल खात न्हाई, पिकअप गेलाय असंपण तुम्ही म्हणत न्हाई.

तुमच्या गाडीत एक आजार न्हाई, दोन हायत, कदाचित तीन. उभ्या गाडीत जे होतंय त्याचा आणि ८० ला जे होतंय त्याचा काही संबंध न्हाई, तुम्ही (आणि तुमच्या गॅरेजवाल्यांनी) सगळं एकत्र धरलंय म्हणून घोळ झालाय. उभ्या गाडीत चाकं फिरत न्हाईत ना, मग बॅलन्सिंग करून एसीची घरघर कशी जाईल? आणि प्लग बदलून ८० ची थरथर कशी जाईल?

उभ्या गाडीचं आधी बघू. इंजिन फाउंडेशन तपासा, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसवलेलं असतं ते. बॉनेट उघडून ठेवा, हँडब्रेक पूर्ण ओढा, घरातलं गाडी चालवणारं कोणीतरी सीटवर बसवा, पाय ब्रेकवर घट्ट. पहिला गिअर टाकून क्लच अगदी जरासा सोडायचा, इंजिन दबेल एवढाच, मग परत दाबायचा. नंतर रिव्हर्सला तेच. तुम्ही बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या समोर किंवा मागं कुणीही उभं राहायचं न्हाई. इंजिन थोडं हलणारच, ते रबरावर बसवलंय. पण पुढंमागं झोका घेतल्यागत उचललं गेलं, किंवा ठक असा आवाज आला तर फाउंडेशन गेलं. आपल्या बऱ्याच छोट्या गाड्यांना तीन असतात, एक टायमिंगच्या बाजूला, एक गिअरबॉक्सवर आणि एक खाली मागं, जे इंजिनला झोका घेऊ देत न्हाई. खालचं आधी जातं आणि तेच कुणी बघत न्हाई कारण वरून दिसत न्हाई.

दूधकट्टा:

पाना भाऊंनी बरोबर सांगितलंय. २२०० ला येणारा झिर्रर्र मला सायलेन्सरवरच्या पत्र्याचा वाटतो, हीट शील्ड म्हणतात तो. माझ्या गाडीचा दोन पावसाळे त्रास होता. बोल्टाच्या भोकाभोवतीचा पत्रा गंजून भोक मोठं होतं, बोल्ट जाग्यावर असतो पण पत्रा मोकळा असतो, मग ठरावीक आरपीएमला तो कंप पावतो आणि त्याच्या वरखाली गप्प बसतो. गाडी पूर्ण थंड असताना खाली हात घालून मुठीनं हळू ठोका, डबा वाजल्यासारखं वाजलं तर तोच.

एक विनंती, वैतागून तो पत्रा काढून टाकू नका. माझ्या ओळखीच्या एकानं काढला, आवाज गेला, आणि मग उसाच्या फडाजवळ पाचटावर गाडी लावली. धूर दिसल्यावर पळत जाऊन काढली म्हणून वाचली. तो पत्रा कारणाशिवाय लावलेला नसतो.

उद्यमनगरी:

मी मशीन शॉपवाला, गाड्यांचा मेकॅनिक नाही, पण आमच्याकडं फिरणाऱ्या वस्तूचा कंप शोधणं हे रोजचं काम आहे आणि पद्धत गाडीलाही तीच लागते. कंप किती जोराचा यापेक्षा सेकंदाला किती वेळा हे बघायचं, तो आकडा स्वतःच सांगतो कोण बोलतंय.

तुमचा टायर १५५/८० आर १३ असेल असं धरतो. १३ इंच म्हणजे ३३० मिलिमीटर रिम, त्यावर दोन्हीकडं १५५ च्या ८० टक्के म्हणजे १२४-१२४ ची रबराची उंची, व्यास झाला ५७८, परीघ साधारण १.८२ मीटर. ८५ च्या स्पीडला गाडी सेकंदाला २३.६ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला १३ फेरे. आता इंजिन बघा. चार सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोनदा फटका देतं, ८०० आरपीएमला उभं असलं तर सेकंदाला जवळपास २७ फटके. हायवेला पाचव्यात २७०० वर असलं तर ९०. म्हणजे ८५ ला १३ चा कंप मिळाला तर चाक, ९० च्या आसपास मिळाला तर इंजिन, गोंधळायला जागाच नाही.

मोबाईलवर व्हायब्रेशन मोजणारी फुकट ॲप्स मिळतात. मोबाईलमधला सेन्सर ९० पर्यंत नीट पोचेलच असं नाही, पण १३ सहज पकडतो. शेजारी बसणाऱ्याच्या हातात मोबाईल द्या, सीटच्या लोखंडी पट्टीवर दाबून धरायला सांगा. गाडी चालवणाऱ्यानं मोबाईलला हातही लावायचा नाही.

आणि त्याहून सोपी चाचणी: मोकळ्या सरळ रस्त्यावर ८५ ला फक्त क्लच दाबा, तीन-चार सेकंद, इंजिन चालूच राहू दे (बंद केलं तर ब्रेक दाबायला मदत करणारा बूस्टर जातो, तसं अजिबात करू नका). इंजिन खाली आलं तरी थरथर तशीच राहिली तर इंजिनला दोष देऊ नका.

ऊसपट्टा_शिरोळ:

आमच्याकडं हा त्रास दर पावसाळ्यात येतो. काळ्या रानातनं गाडी आली की रिमच्या आतल्या बाजूला चिखल चिकटतो, वाळला की दगड होतो. बाहेरून गाडी धुतली तर तो दिसतसुद्धा नाही. मी एकदा खरवडून काढला आणि घरच्या काट्यावर ठेवला, एका चाकातनं ७० ग्रॅम निघाला. बॅलन्सिंगवाला पाच-दहा ग्रॅमचे वजन लावत बसतो आणि इथं ७० ग्रॅम एका जाग्यावर. चाक काढून आतून बघा एकदा.

राजारामपुरी_तेरावी:

स्पष्ट सांगतो, राग मानू नका. १५-१६ वर्षांच्या गाडीवर पैसे घालण्यापेक्षा विकून टाका आणि सेकंडहँड ५-६ वर्षांची घ्या. आज फाउंडेशन, उद्या शॉकअप, परवा रेडिएटर, हे थांबत नसतं.

संध्यामठ:

राजारामपुरी, राग कसला, काळजीनंच लिहिलंय तुम्ही. पण या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात वडिलांच्या हातची वही आहे, प्रत्येक सर्व्हिसची तारीख, किलोमीटर, कुठलं ऑइल, किती पैसे, सगळं ओळीनं. दर १०,००० ला ऑइल बदललेलं आहे, एकदाही चुकलेलं नाही. असं इंजिन मला दुसऱ्या कुणाच्या गाडीत मिळणार नाही. पैसे जातील ते जातील.

बाकीच्यांचे खूप आभार. रविवारी सकाळी मेहुण्याला बोलावलंय, सगळं करून बघतो.

संध्यामठ:

रविवारचा रिपोर्ट.

फाउंडेशन: मेहुणा सीटवर, मी उजव्या बाजूला उभा. पहिल्या गिअरला क्लच सोडल्यावर इंजिन मागं गेलं, रिव्हर्सला टाकल्यावर पुढं उचललं गेलं, चांगलं चार बोटं, आणि ठक आवाज स्पष्ट. गाडी पिटवर नेऊन खालून टॉर्च मारून बघितलं तर मागच्या फाउंडेशनचं रबर मधोमध आडवं फाटलेलं, पाना घालून हलवलं की फट उघडते मिटते, आतल्या लोखंडाला लोखंड लागून दोन्ही बाजू घासून चांदीसारख्या झाल्यात. मी फोटो काढून बराच वेळ बघत बसलो. २८ हजाराचं इंजिनकाम म्हणून सांगितलेली गोष्ट ही एवढीशी.

हीट शील्ड: दूधकट्टा, तुमचं शंभर टक्के बरोबर. ठोकल्यावर डबाच वाजला.

रिम: चारही काढून बघितले, मागच्या दोन्ही चाकांत चिखल होता, खरवडला. ७० ग्रॅम नाही पण मूठभर निघाला.

मोबाईल: मेहुण्यानं धरला. ८० ला १२.२, ८५ ला १३, ९० ला १३.८. उद्यमनगरी, तुमच्या हिशोबाला तंतोतंत. क्लच दाबला तरी थरथर तशीच. म्हणजे चाकच. चिखल काढून, परत बॅलन्सिंग करून बघितलं, १०-१५ टक्के फरक, बस. मशीनवर चारही चाकं शून्य-शून्य दाखवतात आणि गाडी थरथरते, हे कसं काय?

पाना_दहाबारा:

शून्य-शून्य येणार दादा, त्यात मशीन खोटं न्हाई. बॅलन्सिंग मशीन फक्त वजन बघतं, चाक गोल हाय का न्हाई ते बघत न्हाई. अंड्याच्या आकाराचं चाकसुद्धा वजन लावून शून्यावर आणता येतं, पण रस्त्यावर ते चाक प्रत्येक फेऱ्याला गाडी वर उचलणार आणि खाली सोडणार.

गोल हाय का ते घरी बघता येतं. चाक जॅकवर उचला, बाकीच्या चाकांना विटा लावा, जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं न्हाई. पुढचं चाक असेल तर गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला. मागचं असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडनं विटा. मग एक वीट टायरजवळ ठेवा, तिच्यावर पेन्सिल आडवी ठेवा, टोक टायरच्या नक्षीपासून ३-४ मिलिमीटर लांब. हातानं चाक हळू फिरवा आणि फट बघत राहा. एकसारखी राहिली तर टायर गोल. कुठं पेन्सिलीला घासला आणि कुठं लांब गेला तर तुमचा आजार तिथं हाय. तसंच रिमच्या कडेला आडव्या बाजूनं बघा, वाकलाय का.

आणि टायरवरचा चार आकडी नंबर बघून इथं लिहा. पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक हाय म्हणून टायर चांगला असं धरू नका, रबर म्हातारं होतं.

स्टेअरिंग आणि सीट दोन्ही कापतंय म्हणता म्हणजे पुढंपण काहीतरी हाय आणि मागंपण, असा माझा अंदाज. फक्त पुढचं असतं तर हातालाच जास्त लागलं असतं.

संध्यामठ:

केलं. मागचं डावं: पेन्सिल एका जागी चक्क ढकलली गेली आणि समोरच्या बाजूला बोट जाईल एवढी फट. त्या जागेवर हात फिरवला तर तळव्याला स्पष्ट उंचवटा लागतो, डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही. नंबर ३४१५. म्हणजे २०१५ चा चौतिसावा आठवडा, वडिलांच्या वहीत बघितलं तर दोन्ही मागचे टायर एकदम घेतलेत, त्याच नंबरचे. पुढचं उजवं: टायर ठीक पण रिमची आतली कड एका जागी वाकलेली. गगनबावड्याला जाताना कळ्याच्या अलीकडं एक मोठा खड्डा जोरात बसला होता गेल्या पावसाळ्यात, तेव्हाचंच असणार.

पाना_दहाबारा:

उंचवटा लागतोय म्हणजे आतले थर सुटलेत. त्या टायरवर हायवेला आता जाऊ नका, अगदी खरं सांगतो, आईला घेऊन तर अजिबात न्हाई. थरथर राहू दे बाजूला, तो फुटू शकतो. आजच्या आज काढा, स्टेपनी लावा.

संध्यामठ:

काढला. लगेच. स्टेपनी २०२१ ची आहे, कमी वापरलेली, ती तात्पुरती लावली. दोन टायर नवीन सांगितलेत.

फाउंडेशनही बदलून घेतलं, ५५० ला मिळालं. पण मंडळी, उलटंच झालं. ठक आवाज गेला, पण उभ्या गाडीत एसी लावला की आता पहिल्यापेक्षा जास्त घरघर, पायाखालची फरशीसुद्धा गुणगुणते, क्लचवर पाय ठेवला की पोटरीपर्यंत जाणवतं. आई परत बसली तर लगेच म्हणाली, काय केलंस रे हे. वाईट वाटलं. कुठं चुकलं?

चक्रधर_कागल:

त्यात विंडशील्डला लावतात ते पीयू सीलंट भरा, फाउंडेशनच्या पोकळ्या भरून टाका. मी जुन्या गाडीत केलं होतं, इंजिन हलतच नाही मग.

पाना_दहाबारा:

चक्रधर भाऊ, इंजिन हलत न्हाई हेच तर दुखणं हाय. फाउंडेशनमधल्या पोकळ्या कंपनीनं रबर वाचवायला ठेवलेल्या नसतात, तिथं रबर दबायला जागा पाहिजे म्हणून असतात. भरून टाकल्या की इंजिनचा प्रत्येक फटका सरळ बॉडीत. ज्याला गाडी पळवायचीय त्याला चालेल, मणक्याच्या माणसाला न्हाई.

दादा तुमच्यात दोन गोष्टी असू शकतात. एक, ५५० चं रबर दगडासारखं कडक असतं, नखानं दाबून बघा, जुन्याच्या न फाटलेल्या भागात नख जरा रुतेल, नव्यात रुतणार न्हाई. दुसरी जास्त महत्त्वाची. बसवताना इंजिनला खालनं जॅक दिला असेल आणि जॅक असतानाच बोल्ट आवळून टाकले असतील. जॅक काढला की इंजिन आपल्या वजनानं बसतं आणि रबर पिळलेल्या अवस्थेतच राहतं. पिळलेलं रबर गादीचं काम करत न्हाई.

चांगल्या कंपनीचं घ्या. बसवताना जॅक काढून इंजिनचं वजन फाउंडेशनवर येऊ द्या, तिन्ही फाउंडेशनचे बोल्ट थोडे ढिले, काढायचे न्हाईत, फक्त पकड सुटेल एवढे. गाडी चालू करा, दोन-तीनदा हलका ॲक्सिलेटर द्या, बंद करा. इंजिन स्वतःची जागा शोधतं. मग आवळा, पुस्तकात दिलेल्या टॉर्कला, म्हणजे जेवढ्या जोरानं आवळायला सांगितलंय तेवढंच.

उद्यमनगरी:

पाना भाऊ, अगदी हेच आम्ही मोटर बेडवर बसवताना करतो, ओढून ताणून बोल्ट लावला की बेड बोलायला लागतो. संध्यामठ, अजून एक बघा. जुनं फाउंडेशन फाटलेलं असताना इंजिन वर्षभर झोके खात होतं, त्याला जोडलेला सायलेन्सरचा पाइपही हलत होता. त्या पाइपची खालच्या लोखंडी आडव्या पट्टीशी सलगी झाली आहे का बघा. लोखंड लोखंडाला टेकलं की अख्खी गाडी तबल्याचं चामडं होते.

संध्यामठ:

उद्यमनगरी, तुमच्या तोंडात साखर. काल संध्याकाळी पाना भाऊंनी सांगितलं तसं बोल्ट ढिले करून, इंजिन बसवून, परत आवळलं. फाउंडेशन चांगल्या कंपनीचं आणलं, १,४५०. मग खाली टॉर्च मारली. सगळा पाइप तांबूस गंजलेला आणि एका जागी, अंगठ्याच्या नखाएवढा, आरशासारखा चकचकीत डाग. बरोबर समोरच्या पट्टीवर तसाच डाग. सायलेन्सर ज्या रबरांवर लटकतो त्यातली दोन ताणून लांबुडकी झालेली, त्यामुळे पाइप पुढून खाली बसला होता. दोन्ही रबरं बदलली, १२० रुपये. आता पाइप आणि पट्टीत माझी करंगळी जाते.

गाडी चालू केली, एसी लावला. मी बॉनेटजवळच उभा होतो आणि मेहुण्याला ओरडून विचारलं, एसी लावलास का? तो म्हणाला मघाशीच लावलाय.

हीट शील्डला मोठा वॉशर बसेना, पत्राच खाल्लेला, म्हणून पाइप आणि पत्रा दोन्हीभोवती स्टीलची होज क्लिप आवळली, ४० रुपये. २२०० चा झिर्रर्र गेला.

शाहूपुरी_६वी_गल्ली:

सगळा धागा वाचून काढला, खूप शिकायला मिळालं. मधेच माझं विचारते, चालेल ना. आमची गाडी २०१९ च्या पुरात पार्किंगमध्ये चाकाच्या वरपर्यंत पाण्यात होती, दोन दिवस. इंजिनात पाणी गेलं नव्हतं. ऑइलं वगैरे सगळी बदलली तेव्हा. आता ४० च्या पुढं हुंऽऽऽ असा आवाज येतो, वेग वाढला की आवाज चढतो. थरथर फार नाही. टायरच समजायचं का?

पाना_दहाबारा:

ताई, पुराचं सांगितलंत ते बरं केलं, तुमचं व्हील बेअरिंग वाटतंय. पाणी आत शिरलं की ग्रीस पांढरं पडतं, बेअरिंग लगेच मरत न्हाई, काही वर्षं काढतं आणि मग असं गुणगुणायला लागतं. मोकळ्या रस्त्यावर ५० ला हलकं डावीकडं, हलकं उजवीकडं वळवा. डावीकडं वळवल्यावर गाडीचं वजन उजव्या चाकावर येतं, तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग. उजवीकडं वळवल्यावर वाढला तर डावं. दोन्हीकडं सारखाच राहिला तर टायरची नक्षी वर-खाली झिजलीय का बघा, हाताला करवतीच्या दातागत लागेल. बेअरिंग असलं तर फार दिवस ढकलू नका.

शाहूपुरी_६वी_गल्ली:

डावीकडं वळवल्यावर वाढतो! उद्याच दाखवते. धन्यवाद दादा.

संध्यामठ:

नवीन टायर आले, दोन, ६,८०० ला. पुढं लावायचे म्हणत होतो पण टायरवाल्यानं आणि नंतर पाना भाऊंनी फोनवर एकच सांगितलं, नवीन मागं लावा, पावसात मागची बाजू निसटली तर सावरत नाही. मागं लावले. पुढच्या वाकलेल्या रिमच्या जागी स्टेपनीचा रिम घेतला आणि वाकलेला सरळ करायला दिलाय, तो आता स्टेपनीला राहील. चाकं बसवताना हबची (चाक ज्यावर बसतं तो भाग) तोंडं तारेच्या ब्रशनं घासली, गंजाचे पापुद्रे होते तिथं, आणि नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळले.

हिशोब ज्यांना हवा त्यांच्यासाठी: चुकीचं फाउंडेशन ५५०, चांगलं १,४५०, मजुरी ६००, सायलेन्सरची रबरं १२०, क्लिप ४०, म्हणजे २,७६० मध्ये उभ्या गाडीचं काम झालं. टायर धरून ९,५६०. आणि टायर तर बदलावे लागलेच असते. आधीच्या ४,६०० मधले प्लग आणि फिल्टर वाया गेले असं नाही, पण या त्रासाशी त्यांचा संबंध नव्हता.

काल पौर्णिमा होती. पहाटे साडेपाचला निघालो. हातकणंगलेच्या पुढं मोकळा रस्ता मिळाल्यावर ८५ ला नेली आणि स्टेअरिंगवरचा एक हात काढून मांडीवर ठेवला, कितीतरी महिन्यांनी. मागं बघितलं तर आईनं डोकं काचेला टेकवलं होतं आणि झोपली होती. काचेला डोकं टेकवून झोपली, मंडळी. मागच्या वेळी त्या काचेला हात लावला तरी मुंग्या येत होत्या. वाडीला पोचल्यावर घाटाच्या पायऱ्या उतरताना म्हणाली, आलो पण? येताना बासुंदी घेतली. पाना भाऊ, तुमचा वाटा ठेवलाय, गॅरेजवर आणून देतो.

वडिलांच्या वहीत काल रात्री पुढच्या पानावर लिहिलं, तारीख, किलोमीटर, मागचं फाउंडेशन, सायलेन्सर रबर २, टायर मागचे २ आणि त्यांचे चार आकडी नंबर. अक्षर त्यांच्यासारखं येत नाही.

पाना_दहाबारा:

लय समाधान वाटलं वाचून. बासुंदी आणा, पण गाडीपण आणा, एक हजार किलोमीटर झालं की फाउंडेशनचे बोल्ट एकदा बघून घेऊ.

दूधकट्टा:

आणि ती होज क्लिप. तापून थंड होऊन दोन-चार आठवड्यांत ढिली होते, माझी झाली होती. गाडी थंड असताना स्क्रूड्रायव्हरनं अर्धा फेरा द्या.

संध्यामठ:

आत्ताच जाऊन बघून आलो. खरंच पाव फेरा बसला.